द्राक्षबागेतला सुटीचा टोल

मित्रांनो, मी एक जुना टोल आहे. गाड्या अडवून पैसे घेतो तो नव्हे. शाळा सुटताना वाजतो, त्या जातीचा. जन्मानं मी आगगाडीचा रूळ. रूळ बदलले तेव्हा माझा हातभर तुकडा भंगारात निघाला आणि नव्वदच्या सुमारास गिरणाऱ्याजवळच्या एका द्राक्षबागेत बाभळीला टांगला गेला.

बाग रंगनाथशेठची. हंगामात हरसूलकडच्या डोंगरातून मजुरांची टोळी तिथं उतरायची. काम रोजानं असे. मी सकाळी वाजलो की सुरू, संध्याकाळी वाजलो की बंद. मला वाजवण्याचा मान टोळीतल्या सर्वांत थोरल्या भागीबाईचा. घडातले जादा मणी बारीक कात्रीनं काढताना तिचा हात सावकाश चाले. पण दिवसाची मजुरी सगळ्यांना सारखीच, म्हणून त्याची चौकशी कोणी केली नाही. विधवा बाई. तंबाखू असो की लुगडं, आपल्या कमाईचं घेई. सुनेपुढे हात पसरायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

संध्याकाळी ती मला गजानं ठोकी आणि बायका हसत कात्र्या पदराला पुसत. रुळात होतो तेव्हा माझ्यामुळे कोणी हसल्याचं आठवत नाही.

पुढे सरकारनं किमान वेतन वाढवलं. फार चांगली गोष्ट झाली. शेठनी पेपरात बातमी वाचली, पेपराची नीट घडी घातली आणि टोळीचा मुकादम गोरक्ष याला बोलावलं.

"गोरक्षा, आता रोजानं परवडत नाही बाबा. काम उक्तं घे. एकराचा भाव ठरवू. लवकर उरका, जास्त कमवा."

"आन् टोल?"

"टोल कशाला? आता तुम्हीच तुमचे मालक!"

मालक झाल्या दिवसापासून टोळी दिवस बुडाला तरी वाकूनच राहू लागली. खोटं कशाला बोलू, जवान हातांना पूर्वीपेक्षा जास्त मिळू लागलं. भागीबाईची सून सरिता दोन ओळी उरकी, तोवर भागीबाईची एक अर्ध्यावर असे. वाटा मात्र दोघींना सारखाच. मग कुरकुर सुरू झाली.

एका दुपारी माझ्याच खाली गोरक्ष म्हणाला, "मावशे, तुझ्यापायी समद्यांचं काम अडतंय. तू पोरं सांभाळ, भाकरी टाक."

"आन् माझा वाटा?"

"पोटाला मिळंल की."

"पोटाला द्यायला माझा डोंगर हाय. हितं मी कामाला आले. सरिते, सांग की याला!"

सरिता कात्रीला लागलेला चीक नखानं खरवडत राहिली.

काही दिवसांनी, ऊन उतरल्यावर, भागीबाईनं काखेतलं पोर खाली ठेवलं, गज उचलला आणि मला ठोकलं. जुनी सवय! बागेतल्या साऱ्या कंबरा सरळ झाल्या. सरितेनं तर कात्री पदराला पुसलीसुद्धा.

"कोन वाजवतंय गं?" गोरक्ष ओरडला. "राहिलेला एकर काय टोल पुरा करील?"

सगळे हसले. पुन्हा कात्र्या सुरू झाल्या. पहिली सरितेची.

त्या संध्याकाळी चुलीपाशी भागीबाई हळूच म्हणाली, "सरिते, तंबाखूला दे गं काय तरी."

सरिता गुणाची पोर. तिनं लगेच दिलं. पण हात पसरला गेलाच.

पुढे माझी तार गंजून तुटली. आता पाण्याचं पिंप डगमगू नये म्हणून मी त्याच्या बुडाखाली असतो. शेठ गंगापूर रोडला बंगल्यात राहतात. तिथल्या दाराची घंटा पाखरासारखी चिवचिवते म्हणे, आणि ती वाजली की कोणीतरी धावत येतं.

मित्रांनो, मला रंग लावू नका, तेल पाजू नका. लोखंड गंजायचंच. पण मोठेपणी तुमच्या हाताखाली माणसं राबतील, तेव्हा संध्याकाळी एकदा तरी "पुरे आता" म्हणा. आणि वाटे घालताना सगळ्यात सावकाश चालणारा हात कुणाचा, ते आधी विचारू नका.