दोरा तोडण्याएवढी जागा

बायको जाऊन वर्ष होत आले, तेव्हा शिंप्याच्या ध्यानात आले की तिचे गुणगुणणे आपल्या आठवणीत पुसट होऊ लागले आहे. तीस वर्षे तो मशीनवर आणि ती शेजारच्या स्टुलावर काज-बटणे करीत बसली. तिच्या ओठांवर एकच चाल असे, शब्दांवाचून. हे गाणे कोणते, असे विचारायचे त्याला कधी सुचले नाही. आता मात्र ते हातचे जाण्यापूर्वी सापडलेच पाहिजे, या हट्टाला तो पेटला होता.

परगावच्या लेकीने उपाय सांगितला होता. "बाबा, फोनपुढे नुसतं गुणगुणा. तो गाणं शोधून देतो."

"माझा आवाज ऐकून तो पोलीस बोलावील."

"बोलावू दे. तेवढीच तुम्हाला सोबत!"

भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, त्याने फोन कात्रीशेजारी ठेवला, घसा खाकरला आणि सूर धरला. जुळणारे काही सापडले नाही, असे फोनने सात वेळा कळवले.

"अरे, चुकतंय कुठे ते तरी सांगशील?" तो फोनशी हुज्जत घालू लागला. फोन ढिम्म. अखेर त्याने लेकीलाच फोन लावून चाल ऐकवली.

"बाबा, मध्येच का थांबता?"

"चालच तशी आहे."

"चाल कुठली! आई तिथे दातांनी दोरा तोडायची. कात्री कायम तुमच्याकडे असायची ना."

त्याने बोलणे आटोपते घेतले.

मग न थांबता त्याने चाल म्हटली, आणि गाणे तत्काळ सापडले. कोणी अनोळखी गायिका वाद्यांच्या थाटात, कुठेही न अडखळता गात होती. चाल तीच, यात शंका नव्हती. पण तो मनात बायकोचा सूर आणू जाई, तोच ही बाई ती मोकळी जागा भरून पुढे निघून जाई. त्याने घाईघाईने गाणे बंद केले.

"सापडलं का?" लेकीने संध्याकाळी विचारले.

"छे. तुझा फोन काही कामाचा नाही."

बोलणे संपल्यावर अर्धवट राहिलेला सदरा घेऊन तो तिच्या स्टुलावर बसला. गुणगुणत त्याने एक बटण लावले. थांबायची जागा आली तशी सवयीने त्याचा हात कात्रीकडे गेला. तो त्याने मागे घेतला आणि मान खाली घालून दोरा दातांत धरला.

तिसऱ्या खेपेस दोरा तुटला. तोवर चाल थांबून राहिली होती.