पदरावरचा ढग

निवृत्त झाल्यापासून मी गच्चीवरून ढगांचे फोटो काढतो आणि मोबाईलमध्येच ते काळे-पांढरे करतो. रंग काढून घेतला की ढगात लपलेला प्राणी बाहेर येतो. सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक फोटो टाकून मी विचारतो, ‘काय दिसतंय?’ उत्तरादाखल लोक जोडलेले हात पाठवतात.

आमचा हर्षल इथे सुरतेत, बमरोली भागातल्या एका डिजिटल प्रिंटच्या साड्यांच्या कारखान्यात डिझाइन करतो. नोकरी अजून कच्ची. अरुणा, म्हणजे त्याची आई, ज्या मराठी शाळेत शिकवते तिथे शिक्षिकांसाठी युनिफॉर्म साडी काढायचं ठरलं, तेव्हा हर्षल शेठला छातीठोकपणे म्हणाला, हे काम मी आणतो. शाळेच्या मोठ्या बाई वत्सलाबाईंना खडूची भुकटी दिसणार नाही असा करडा रंग हवा होता. हर्षलने माझ्या मोबाईलमधला एक ढग उचलला. मला त्या ढगात उशी दिसली होती. उशीपासून कुणाला धोका नसतो.

साड्या छापून, घड्या होऊन तयार झाल्या. रविवारी तो नमुन्याची साडी घरी घेऊन आला. अरुणाने ती नेसली, आरशाकडे पाठ केली, मान वळवून मागे पाहिलं आणि विचारलं, “माझ्या पाठीवर कोण आहे?”

घुबड होतं.

पदर भरण्यासाठी हर्षलने एका ढगाला त्याचाच उलटा ढग जोडला होता, आरशात दिसतो तसा. दोन उश्यांचं मिळून एक घुबड झालं होतं. दोन गोल डोळे, मध्ये चोच आणि गृहपाठ विचारणाऱ्या भुवया.

“मला नाही दिसत,” हर्षल म्हणाला. मग त्याला दिसलं. असलं काही एकदा दिसलं की ते परत ढगात जात नाही.

“शेठ मने काढी मूकशे,” तो खाली बसत म्हणाला. शेठ आता कामावरून काढणार, ही भीती. घाबरला की तो गुजरातीत घाबरतो.

“लक्ष्मीचं वाहन आहे,” मी म्हणालो.

“हे मोठ्या बाईंना तुम्ही सांगणार का?” अरुणा म्हणाली. “फळ्याकडे वळलं की अख्खा वर्ग हे बघणार. त्या सगळा माल परत पाठवतील.”

“मग गुजराती पद्धतीने पदर पुढे घे.”

“म्हणजे घुबड पोटावर.”

“तिथे निदान तुझी नजर राहील.”

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी खोलीत दोन घुबडं होती, असं मी म्हणणार नाही.

संध्याकाळी परीक्षा घ्यायची ठरली. अरुणा तीच साडी नेसून भाजीला निघाली. हर्षल आणि मी थोडं मागून, लोकांचे चेहरे बघत. भाजीवालीला काही दिसलं नाही. एक गृहस्थ मात्र तिच्या पाठीकडे टक लावून बघत राहिले. हर्षलने माझा दंड धरला. ते जवळ येऊन म्हणाले, “बेन, कापड कयुं छे?” सुरतेत बाईच्या पाठीकडे बघणारा माणूस बहुधा कापड बघत असतो.

“मोठ्या माणसांना दिसत नाही,” मी म्हणालो.

“मी मोठ्या माणसांना शिकवत नाही,” अरुणा म्हणाली. हर्षल त्या दिवशी जेवला नाही.

सोमवारी माल टेम्पोत भरून आम्ही तिघं वत्सलाबाईंसमोर. अरुणा आत आल्यापासून पाठ भिंतीला लावून उभी होती.

“पोत चांगला आहे,” वत्सलाबाई म्हणाल्या. “वळा जरा.”

इंजेक्शन घ्यायला वळतात तशी अरुणा वळली. वत्सलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे ढगच आहेत ना?”

“ढगच,” आम्ही तिघं एकदम म्हणालो. इतकं एकदम म्हणायला नको होतं.

“हं. सातवी ब वर जा. फळ्यावर एखादं लांबलचक गणित लिहा. मी दारातून बघते.”

सातवी ब म्हणजे प्रार्थनेलाही गप्प न बसणारा वर्ग. अरुणा आत गेली. आम्ही बाहेर; तिथून फक्त फळा दिसत होता. तिने मुलांना बसवलं, फळ्याकडे तोंड केलं, खडू उचलला. एक बाक करकरला. कुणीतरी “ए, ते बघ” म्हणालं. हर्षलने डोळे मिटले.

आणि मग वर्ग गप्प झाला. अगदी खडू ऐकू येईल इतका. हसू नाही, कुजबुज नाही. मला ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

वत्सलाबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. “इतक्या वर्षांत हा वर्ग मी गप्प बघितला नव्हता,” त्या म्हणाल्या. “धाक आहे त्या साडीत. माल उतरवून घ्या. पोचपावतीवर शिक्का मारून आणते.” आणि ऑफिसकडे गेल्या.

हर्षलने डोळे उघडले. तेवढ्यात अरुणा बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं.

“काय म्हणाल्या?”

“पास,” मी म्हणालो. “पोरं एवढी घाबरली का गं?”

“घाबरतायत कसली. चित्र काढतायत. मागे वळून बघितलं तर प्रत्येकाच्या वहीत घुबड. एकाने त्याला माझा चष्मा घातलाय. दुसरा म्हणतो, बाई, अजून थोडं तिकडे वळा ना, माझे पंख राहिलेत.”

“मम्मी, मोठ्या बाईंना सांगू नकोस.”

“पोचपावतीवर शिक्का झाला?”

“मारून आणायला गेल्यात.”

“मग मला इथे कशाला उभं केलंय?” अरुणा म्हणाली आणि आत जाऊन पुन्हा फळ्याकडे तोंड करून उभी राहिली.