एलुबीचा कान आणि माझी झोप

एलुबी बोलायला लागली आणि माझी दिवसाची झोप गेली. ही माझ्या भाचीची मुलगी. भाची तिसुंगाने दिवसभर बाजारात सुकी मासळी विकते, तिचा नवरा लायतोन सायकलवरून माणसं पोचवतो, आणि घरी आंब्याखाली फाटकी जाळी सांधत बसलेला मी. म्हणजे पोरगी माझ्या गळ्यात. पहाटे उठायचं, दहाला चटई टाकायची, दोनला उठायचं, हा माझा चाळीस वर्षांचा नेम. आता चटई टाकली की ती छातीवर येऊन बसायची आणि विचारायची, माशाला तहान लागते का? डोळे मिटून घेतले तर दोन बोटांनी माझी पापणी उघडून आत डोकावायची आणि पुन्हा तेच विचारायची. एकदा मी मोजले. दिवस मावळेपर्यंत चारशे सोळा प्रश्न झाले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त नुसत्या बकऱ्यांबद्दल.

म्हणून ती सहा वर्षांची झाली असावी असं वाटताच मी जाहीर केलं की सप्टेंबरात पोरगी पहिलीत जाणार. ‘असावी’ म्हणतो, कारण तिच्या जन्माचा कागद वाळवीने खाल्ला, आणि त्या वाळवीने पुढे आठवडाभर दुसरं काही खाल्लं नाही इतका तो पोटभरीचा होता. कोणी हरकत घेतली नाही. आमच्याकडे बहिणीच्या लेकराबाळांचं सगळं मामाच ठरवतो. बापही असतो, नाही असं नाही, पण त्याला विचारतात ते एवढंच, की मक्याच्या पिठाचा न्सिमा आणखी वाढू का.

चालत जाता येतील अशा शाळा तीन. तिन्ही सरकारी, तिन्ही फुकट, म्हणून निवडायला जास्तच अवघड. मी हातात नुसतं दावं घेतलं आणि निघालो. हातात दावं असलं की माणूस कुठल्याही आवारात शिरू शकतो. विचारलं तर बकरी शोधतोय म्हणायचं.

गिरणीजवळची शाळा घरापासून दोनशे पावलांवर. तिथली घंटा म्हणजे झाडाला टांगलेली ट्रकच्या चाकाची रिंग. शिपायाने लोखंडी पहार उचलून ती एकदाच वाजवली, आणि पलीकडच्या घरातल्या कोंबडीने उद्याचं अंडं आजच घातलं. असली घंटा माझ्या उशाशी? शिवाय दोनशे पावलं म्हणजे पोरगी मधल्या सुट्टीतसुद्धा घरी. ती शाळा बाद.

टेकडीवरच्या शाळेत पहिलीचा वर्ग एका अंजिराच्या झाडाखाली भरायचा, पण मुलं इतकी, की सावली पुरायची नाही म्हणून ती पाळीपाळीने सावलीत बसायची. गुरुजींनी सोमवारी म्हटलेले अंक शेवटच्या रांगेला बुधवारी पोचायचे. तिथे एलुबीच्या प्रश्नाची पाळी कधी यायची? सगळे प्रश्न जसेच्या तसे संध्याकाळी माझ्याकडे परत. तीही बाद.

नदीपलीकडची शाळा तासाभराच्या वाटेवर. म्हणजे जायला तास, यायला तास, हे दोन तास बसल्या जागी माझे. पोरांना मका-सोयाची पेज मिळायची, तीही अशी घट्ट, की उभा केलेला डाव उभाच राहायचा आणि त्याच्यावर कावळा येऊन बसायचा. असली पेज पोटात गेलेलं मूल घरी येऊन झोपणारच. पण माझा निर्णय झाला तो नाखुम्वा बाईंमुळे. त्या मुख्याध्यापिका, आणि पहिलीचा वर्ग स्वतः घ्यायच्या. एका पोरीने विचारलं, बाई, आभाळ खाली का पडत नाही? बाईंनी खडू खाली ठेवला आणि अर्धा तास तिच्याशी बोलत बसल्या. मी कुंपणाशी दावं धरून हिशेब केला. चारशे सोळा प्रश्न इथेच खपले तर माझ्या वाट्याला काय उरणार?

संध्याकाळी मी तिसुंगानेला पेजेबद्दल सांगितलं, बाईंबद्दल सांगितलं, शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. झोपेचं काढलं नाही. ती मासळीची टोपली धूत ऐकत होती.

“मामा,” ती म्हणाली, “तुम्ही तीन गावं बकरी शोधत हिंडलात म्हणे. आपल्याकडे बकरी कधी होती?”

नाव घालायच्या आठवड्यात, सोमवारी, मी एलुबीला घेऊन नदीपलीकडे गेलो. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले अशी पोरं आमच्या भागात बरीच, त्यामुळे वय ठरवायची जुनी रीत अजून चालते. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. लागला तर मूल शाळेच्या वयाचं, नाही लागला तर अजून घरचं. एलुबीने हात नेला. बोटं कानाच्या वर तीन बोटांवर थांबली. तिने जीभ बाहेर काढून जोर लावला, पण नाही.

“पुढच्या वर्षी या,” बाई म्हणाल्या.

एक वर्ष! मी वयाचं, घराण्याचं, तीन शाळांमधून त्यांचीच कशी निवडली त्याचं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नावांची वही शुक्रवारपर्यंत उघडी आहे, तोवर हात वाढला तर आणा.

मग मी हात वाढवायच्या मागे लागलो. मंगळवारी तिला आंब्याच्या फांदीला लोंबकळवलं. लोंबकळता लोंबकळता तिने वटवाघळांबद्दल साठ प्रश्न विचारले. बुधवारी उजव्या हातात पाण्याची बादली देऊन अंगणाला फेऱ्या मारायला लावल्या. गुरुवारी सकाळपर्यंत ती न वाकता गुडघा खाजवायला लागली होती, हे मी चर्चच्या पायरीवर उभा राहूनही सांगेन, पण कान जिथल्या तिथे. लायतोन सायकल पुसत बघत होता. सहा वर्षांत त्याने मला ऐकवलेलं ते पहिलं वाक्य.

“हात माझा आहे, बरा आहे,” तो म्हणाला. “डोकं तुमच्या घराण्याचं आहे, मामा.”

खोटं नव्हतं. माझी स्वतःची टोपी मासे पकडायच्या टोपलीवर बेतून विणलेली आहे.

मी हरून चटईवर पडलो. एलुबी छातीवर चढली, पापणी उघडली आणि म्हणाली, “आजोबा, शाळेतल्या सगळ्या मुलींचे केस का कापलेले असतात?”

नियम आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. तिसुंगानेने आठवडाभर खपून एलुबीच्या केसांना काळा दोरा गुंडाळून ताठ उभे तुरे बांधले होते, नाव घालताना पोरगी राणीसारखी दिसावी म्हणून. चांगले चार बोटं उंच. पोरीचा हात रोज त्या सगळ्या रानावरून वळसा घालून जात होता.

पण तिसुंगाने केसांना हात लावू देईना. नाव लागलं की केस कापायचेच आहेत, पण आधी नाव लागू दे, म्हणाली. नाहीतर बोडकी पोरगी वर्षभर घरी घेऊन बसायची का? शाळा म्हणते कानाला हात लागल्याशिवाय नाव नाही, आई म्हणते नाव लागल्याशिवाय केस कापायचे नाहीत, आणि या दोघींच्या मध्ये माझी झोप चेंगरलेली.

“सगळे नको,” मी शेवटी म्हटलं. “मक्याच्या शेतातून पायवाट जाते ना, तेवढंच. या कानापासून त्या कानापर्यंत.”

तिने एलुबीचा हात तिच्याच डोक्यावर ठेवून रुंदी मोजली. “पायवाटेपुरतंच,” म्हणाली. “गाडीरस्ता केलात तर याद राखा.”

बाजारातल्या न्हाव्याने आयुष्यात असलं काम केलं नव्हतं. तो दर दोन बोटांनी थांबून हसायचा, त्यामुळे वाट जरा वाकडी झाली. पण शुक्रवारी नाखुम्वा बाईंच्या टेबलापुढे एलुबीने उजवा हात उचलला, तो त्या वाटेने गेला, डोंगर उतरला आणि डाव्या कानाला लागला. नुसता लागला नाही, खात्रीसाठी तिने कान ओढूनही दाखवला. रांगेतली माणसं हसून पडत होती. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नाव लिहिलं आणि विचारलं, ही वाट कुणाच्या डोक्यातून निघाली?

“आजोबांच्या,” एलुबी म्हणाली. “मी शाळेत गेले की त्यांना दहा वाजता झोपायचंय.”

आता मात्र बाई हसल्या, चांगल्या वही मिटून हसल्या. का, ते मला सोमवारी कळलं.

सोमवारी पहाटे एलुबी गुळगुळीत डोक्याने निघून गेली. तिसुंगानेने दोरे डब्यात जपून ठेवले आणि नाक ओढत बाजारात गेली. मी दहाला चटई टाकली. काय ती शांतता. डोळा लागला, स्वप्नात एक चांबो मासा माझ्या होडीत आपणहून चढायला लागला, इतक्यात माझी पापणी दोन बोटांनी उघडली गेली.

तिन्ही शाळांची घंटा मी तपासली होती, सावली तपासली, पेज तपासली, बाईंचा स्वभाव तपासला. शाळा सुटते कधी, हे कुणालाच विचारलं नव्हतं. पहिलीचा वर्ग साडेनऊला सुटतो. आणि तासाची वाट पोरगी पळत आली होती. पेजेने झोप येण्याऐवजी तिच्या अंगात दुप्पट जोर आला होता. वर बाईंनी सांगून पाठवलेलं, की आज वर्गात न सुटलेले अकरा प्रश्न घरी मोठ्यांना विचारून यायचे.

पण आधी आपण शाळा भरवायची, एलुबी म्हणाली. तिने आंब्याखाली काठीने रेघ मारली, शेजाऱ्यांच्या दोन बकऱ्या ओढून आणल्या आणि मला रेघेवर उभं केलं.

“हात डोक्यावरून न्या, आजोबा. कानाला लावा.”

माझा हात जाळी फेकणाऱ्याचा आहे. डोकं कितीही मोठं असलं तरी कानापर्यंत जाऊन वर चार बोटं खाली उतरतो. मी तो डोक्याच्या मधोमध नेला आणि तिथेच थांबवला. कण्हलो. जीभ बाहेर काढून जोर लावला.

तिने बाईंसारखी मान वाकडी करून बघितलं. “पुढच्या वर्षी या,” म्हणाली, आणि अकरा प्रश्न घेऊन बकऱ्यांकडे वळली.

मी दोन वाजेपर्यंत झोपलो. उठलो तेव्हा वर्ग चालूच होता. मोठ्या बकरीला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं.