न चमकणारा टोप

आजींच्या डोक्यावर कधी साधी टोपीसुद्धा कुणी पाहिली नव्हती; पण त्यांच्या घरातली सगळ्यात उजेडाची खोली जुन्या लोखंडी टोपांनी भरलेली होती. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर मऊ कापड आणि कापडावर कुठल्या कुठल्या सैन्यांतली हेल्मेटं. शेजारी म्हणत, "तुमच्याकडे चोर आला, तर डोकं तरी शाबूत घेऊन जाईल!" त्यावर आजी म्हणत, "जाऊ दे की. हातमोजे घातले म्हणजे झालं."

हातमोज्यांचा नियम घरात सगळ्यांना लागू होता, कारण हाताच्या घामानं लोखंड गंजतं. दुसरा नियम ओळखण्याचा. "बाहेरून रंग काय, कुणीही फासतं," असं त्या नातीला सांगत. "टोप उलटा करायचा आणि पोटात बघायचं." मग चामड्याची पट्टी कशी शिवली आहे, रिवेट कुठे ठोकले आहेत, काठाखाली कारखान्याचा शिक्का आहे का, हे सगळं त्या भिंगातून दाखवत. नातीला घरात भिंगरी म्हणत. ती पाढ्यांना अडखळायची, पण पुसट शिक्के घडाघड वाचायची.

त्या दुपारी संग्रहालयाच्या बाई यायच्या होत्या. नव्या दालनात त्यांची एक काचपेटी रिकामी होती आणि आजींच्या संग्रहातला एकच टोप तिथे जाणार होता. आजींनी तो कधीच निवडून ठेवला होता: रुंद काठाचा, मळकट हिरवा, खरखरीत. "मी आहे तोवर ठीक," त्या म्हणत, "माझ्यामागे कुणी यात कुंडी केली तर? हा एक तरी पोरांच्या डोळ्यांसमोर सुखरूप राहिला पाहिजे."

सकाळी आजी आणि भिंगरी टोपांना लावायचं मेण आणायला बाजारात गेल्या. घरी राहिले जावई. त्यांचं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं. खटारा त्यांच्या हाती द्यावा आणि मालकानं परत नेताना स्वतःचीच गाडी ओळखू नये, अशी त्यांची ख्याती.

दोघी परतल्या, तर खोलीतून खस्स खस्स आवाज.

"बाबा!" भिंगरी इतक्या जोरात ओरडली की जावयांच्या हातातला पॉलिश पेपर खाली पडला.

हिरवा टोप त्यांच्या मांडीवर होता. उजवी बाजू अजून तशीच मळकट. डावी मात्र घासूनपुसून अशी लख्ख की तिच्यात खिडकी दिसत होती.

"थोडंच राहिलंय, आई," जावई उत्साहानं म्हणाले. "काय भिकार काम केलं होतं हो कुणी! अख्ख्या रंगात भुसा! आमच्याकडे पोरानं असा हात मारला असता तर दुपारचा चहा बंद केला असता त्याचा."

आजी खुर्चीवर बसल्या. त्यांनी हातमोजे चढवले, टोप घेतला आणि बराच वेळ नुसता फिरवून पाहिला.

"जावईबापू, तो भुसा पडलेला नव्हता. टाकलेला होता."

"म्हणजे?"

"ओल्या रंगावर मुद्दाम भुरभुरवलेला. लोखंड उन्हात चमकलं की शिपाई कुठे लपलाय ते लांबून कळतं. टोप चमकू नये म्हणून तो खरखरीत करायचे."

जावयांचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांवर हिरवी भुकटी होती. ज्या माणसानं आयुष्यभर रंगातला कण न् कण वेचून काढला, त्याच्याच हातून हे व्हावं!

"मी करून देतो," ते घाईघाईनं म्हणाले. "हाच हिरवा जुळवतो. भुसा मिसळतो. बाई यायच्या आत वाळेलसुद्धा. कुणाच्या बापाला कळणार नाही, आई."

"आजी, बाबांना खरंच येतं तसं," भिंगरी हळूच म्हणाली. "नाहीतर बाई घेणार नाहीत ना आपला टोप."

आजींनाही ते ठाऊक होतं. फळीवरून दुसरा टोप काढून देणं सोपं होतं. पण मन याच्यातच अडकलेलं. त्यांनी उरलेल्या खरखरीत बाजूवरून बोट हलकेच फिरवलं.

"येतं म्हणूनच नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांचा रंग इतका जुळेल की उद्या मलाही खरा कुठला नि नवा कुठला ते सांगता यायचं नाही. गेलं ते गेलं. आहे ते जपू या. भिंगरे, मेण आण. उघड्या पडलेल्या लोखंडाला आजच गंज धरेल."

मऊ फडक्यानं मेणाचा पातळ हात जावयांनीच दिला, अगदी तान्ह्या बाळाला तेल लावावं तसा.

बाई आल्या. टोप पाहताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे कुणी केलं?"

"मी," जावई म्हणाले. "कोपऱ्यात उभं करा हवं तर."

"नंतर," आजी म्हणाल्या. "आधी तुम्ही त्या भिंतीशी उभ्या राहा, बाई. भिंगरे, टोप उन्हात धर."

भिंगरीनं टोप खिडकीतल्या उन्हात धरून फिरवला. लख्ख बाजू उन्हाकडे आली आणि उजेडाचा एक ठिपका भिंतीवरून धावत थेट बाईंच्या डोळ्यांवर गेला. बाईंनी हात आडवा धरला.

"सापडलात!" भिंगरी ओरडली.

मग तिनं टोप उलट्या अंगानं फिरवला. खरखरीत बाजू उन्हात आली. भिंत कोरी ती कोरीच. भुसा कशासाठी होता ते तिनंच सांगितलं, न अडखळता. मग टोप उलटा करून काठाखालचा शिक्काही दाखवला.

"आमच्याकडे असे खरखरीत टोप आणखी आहेत," बाई म्हणाल्या. "मुलं बघतात आणि म्हणतात, किती घाण रंग! मग पुढे जातात." त्यांनी टोप स्वतः उन्हात धरून पाहिला. "हा द्या. पेटीवर एक दिवाही लावते, म्हणजे ठिपका पडेल."

"पण घासलं कोणी, ते खरं लिहायचं," आजींनी बजावलं.

"आई!" जावई कळवळले. "गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"म्हणतील, अर्ध्या वेळात आरसा करतो हा माणूस. जाहिरात झाली तुमची."

बाई हसत टोप गुंडाळू लागल्या. जावई मात्र फळीकडे गेले. पुढच्या टोपाला हात लावता लावता थबकले आणि मागे वळून म्हणाले, "भिंगरे, हातमोजे कुठे ठेवलेस गं?"