अकरावी अ‍ॅक्रॉइड

फोनवर क्लिफर्ड फार गोड बोलला, तेव्हाच मला कळलं की हा काही येत नाही. नऊ वर्षं मी त्याची बायको होते. त्याचा गोडवा कशासाठी असतो हे मला नाही कळणार तर कुणाला? पण त्याच्या बापाला हे सांगायची कुणाची छाती नव्हती. विल्फ्रेड मैदानाच्या फाटकाशी उभा राहून टेकडीखालच्या रस्त्याकडे बघत होता. क्लिफर्डचा पांढरा स्वेटर इस्त्री करून, घडी घालून त्याने बाकावर ठेवला होता.

मी पॅव्हिलियनमध्ये सँडविचसाठी काकड्या कापत होते. एक काप जाड, एक पातळ. दर मिनिटाला खिडकीशी जायचं, रस्ता बघायचा, परत यायचं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आमच्या खोऱ्यात अ‍ॅक्रॉइड विरुद्ध ग्रीनवुड असा क्रिकेटचा सामना होतो. अकरा हे, अकरा ते, बाहेरचा एकही नाही. मैदानात उतरताना ते आडनाव तुमचं असलं पाहिजे, नियम एवढाच. ज्यांना अकरा जमले नाहीत ते हरले, आणि सामना कायमचा बंद. पणज्यांनी हातावर हात मारून ठरवलेलं, त्यामुळे कुणी बदलायला धजत नाही.

ग्रीनवुडांना माणसांची ददात कधीच नव्हती. दगड उचलला की खाली ग्रीनवुड. त्यांच्यात संघात घ्यायचं कुणाला यावरून भांडणं व्हायची. आमचं उलटं. इथल्या जुन्या बोलीत 'अ‍ॅक' म्हणजे ओक आणि 'रॉइड' म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा. ओक तोडून ज्यांनी शेत काढलं ते अ‍ॅक्रॉइड. ती जागा म्हणजे हेच मैदान, असं विल्फ्रेड शपथेवर सांगतो. पुरावा विचारला तर चिडतो. एके काळी या उतारावर घराआड एक घर अ‍ॅक्रॉइडांचं होतं म्हणे. मग गिरण्या बंद पडल्या, कुणी कॅनडात गेलं, कुणी लीड्सला, आणि उरलेल्यांना झाल्या मुली. मुली लग्न करून गेल्या आणि आडनाव दाराशी ठेवून गेल्या. यंदा खेळू शकतील असे उरले दहा, आणि अकरावा क्लिफर्ड.

"विल्फ्रेड, दोन वाजून गेले," ग्रीनवुडांचा कर्णधार एडगर म्हणाला. "मोज बघू पुन्हा. मला तर दहाच दिसतायत."

"येतोय तो."

"कशावर बसून येतोय? गोगलगायीवर?" त्याची माणसं हसली. "अरे, तुम्ही रान तोडणारे आणि आम्ही हिरवं रान. रान परत उगवतं बाबा. तोडणारे नाही उगवत."

विल्फ्रेडने मान वळवलीच नाही. मला त्याच्या पाठीकडे बघवेना. क्लिफर्ड गालिच्यांच्या दुकानातल्या बाईबरोबर निघून गेला त्याला चार वर्षं झाली; घटस्फोटही झाला. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या दाराशी कोळशाची बादली भरून ठेवलेली असते. कोण ठेवतं हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. रविवारी मी मांस भाजते, पुडिंग करते, तो येऊन जेवतो, "बरं होतं" म्हणतो आणि शेजारच्या आपल्या घरी जातो. मुलाचं नाव त्याने एकदाही काढलेलं नाही. मला तो माझ्या सख्ख्या बापापेक्षा जवळचा होता, आणि त्याच्यापासूनच मी एक गोष्ट लपवून बसले होते.

पुढच्या शनिवारी माझं लग्न होतं. हॅरल्ड ग्रीनवुडशी. एडगरचा धाकटा भाऊ, त्यांचा सगळ्यात वेगवान गोलंदाज. गावात कुणालाही पत्ता लागू दिला नव्हता.

हॅरल्ड मघाशी चहाच्या निमित्ताने आत आला होता. "सांगितलंस त्याला?"

"सामना होऊ दे."

"महिनाभर हेच ऐकतोय मी. लोर्ना, दुसऱ्या कुणाकडून कळलं तर?"

"तू जा बरं इथून! बोट कापेल माझं."

आणि आता एडगर हातात ती जुनी, भेगाळलेली बॅट घेऊन उभा होता. जिंकणाऱ्याकडे वर्षभर राहते ती. पण आज न खेळताच गेली तर कायमचीच. "संपलं म्हणायचं मग," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. ते मला जास्त लागलं.

मी एप्रन सोडला आणि बाहेर गेले. "बाबा, अकरावी मी."

एडगर म्हणाला, "तू? अगं, तू सगडनांची पोर."

"टपालवाला मला काय म्हणतो? मिसेस अ‍ॅक्रॉइड."

"ते आडनाव नवऱ्याचं. उसनं घेतलेलं."

"मग नवऱ्याने परत मागायला हवं होतं. त्याने ना आडनाव परत मागितलं, ना बायको."

"पण बाई कशी खेळेल?"

"नियमात आडनाव आहे, दादा," मागून हॅरल्ड म्हणाला. "मिशी नाहीये." एडगरने त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता सगळं फुटतंय. पण त्याने बॅट बाकावर टाकली आणि नाणं काढलं.

विल्फ्रेड माझ्याजवळ आला. क्लिफर्डचा स्वेटर त्याने माझ्या हातात दिला. खेळ म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे जात होत्या.

ग्रीनवुडांनी आधी फलंदाजी केली. मला पार टोकाला, झाडांच्या कडेला उभं केलं होतं. एक चेंडू माझ्या पायांमधून गेला, दुसऱ्याने नडगी फोडली. पण खरी धाकधूक वेगळीच होती. एकाच आडनावाचे अकरा जण, त्यामुळे फलंदाज निघाला की कर्णधार फाटकाशी उभा राहून ओरडून सांगतो, हा कुणाचा कोण. 'सॅमचा विल्फ्रेड!' 'जेथ्रोचा आर्थर!' गिरण्यांतही माणसं अशीच ओळखली जात. आमचा कर्णधार विल्फ्रेड. माझी पाळी आल्यावर तो काय ओरडणार होता? सगडनची लोर्ना म्हणाला तर मी अ‍ॅक्रॉइड राहत नाही. क्लिफर्डची म्हणाला तर मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

आमची फलंदाजी आली. एकेक जण निघायचा, विल्फ्रेड ओरडायचा, आणि मी बाकावरून उठायचे, बसायचे, पॅडचे पट्टे सोडून परत बांधायचे. नऊ जण बाद झाले. पाच धावा हव्या होत्या आणि चेंडू हॅरल्डच्या हातात होता.

मी फाटकाशी गेले. विल्फ्रेडने श्वास भरून घेतला. मला राहवेना.

"बाबा, थांबा. ओरडायच्या आधी ऐका. पुढच्या शनिवारी मी हॅरल्डशी लग्न करतेय."

तिकडे पंच घड्याळ दाखवत होते. "या हॅरल्डशी?" त्याने विचारलं.

"याच."

"सरळ टाकतो चेंडू," तो म्हणाला. "पाय पुढे ठेव." मग तो वळला आणि सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असा ओरडला, "विल्फ्रेडची लोर्ना!"

खेळपट्टीपर्यंत मी कशी गेले मला आठवत नाही. डोळ्यांत पाणी असताना वेगवान गोलंदाजाला तोंड देऊ नये, एवढं मात्र मी कुणालाही सांगेन. पहिला चेंडू बॅटला आपणहून लागला. दुसऱ्याने मधली यष्टी उखडली. हॅरल्डने तो हलका टाकला असता तर मी लग्न मोडलं असतं.

एडगरने बॅट नेली, पण खांद्यावर टाकताना म्हणाला, "पुढच्या वर्षी तुमचे पुन्हा दहाच की रे, विल्फ्रेड." त्यालाही बातमी एव्हाना कळली होती. विल्फ्रेड स्टंप गोळा करत होता.

संध्याकाळी मी हॅरल्डला सांगितलं, "लग्न करीन, आडनाव नाही बदलणार."

"पहिल्या नवऱ्याचं ठेवणार?"

"नवऱ्याचं नाहीये ते. फाटकावर ऐकलंस ना कुणाचं आहे?"

तो बूट घासायला लागला. "एडगरला काय सांगू?"

"सांग, तुमच्यात ग्रीनवुड पुष्कळ आहेत."

पुढच्या ऑगस्टला विल्फ्रेड फाटकाशी उभा होता, रस्त्याकडे पाठ करून. सँडविच हॅरल्डने केली होती. काकडीचे काप बोटाएवढे जाड होते.