मागच्या खेपेचे शब्द

दर तीन वर्षांनी संशोधन संस्थेची मुलगी घरी यायची, म्हातारपणी माणसं कशी जगतात ते विचारायला. मुलगी दर खेपेला नवी, प्रश्न मात्र तेच. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या ऑपरेटरबाई तिची वाट बघायच्या. एरवी त्यांना काही विचारणारं घरात होतं कोण?

मागच्या खेपेला "एकटं वाटतं का?" या प्रश्नावर त्यांनी "छे, मजेत आहे" असं ठोकून दिलं होतं, कारण सून दारातच उभी होती. ते खोटं तेव्हापासून त्यांना सलत होतं. यंदा खरं सांगून टाकायचं, मग घरात काय वादळ उठायचं ते उठो.

त्याआधी मात्र स्मरणशक्तीची परीक्षा असे. दहा शब्द ऐकायचे आणि थोड्या वेळाने परत सांगायचे. त्यात आपटलो तर पुढचं आपलं बोलणं कोण मनावर घेणार, ही धास्ती. म्हणून बाईंनी मागच्या खेपेचे शब्द अंघोळ करताना, भाजी निवडताना घोकून घोकून पाठ केले होते. शब्द दर वेळी बदलतात, हे त्यांना सांगायची तसदी कोणी घेतली नव्हती.

मुलीने शब्द वाचले तेव्हा बाईंनी धड लक्षही दिलं नाही. पाठच तर होते! वेळ आली तशी धडाधड म्हणून दाखवलं. शिडी, लोणी, राजा, तिकीट... मुलीचा चेहरा उतरला. यंदाचा एकही शब्द त्यात नव्हता.

"मागच्या वेळी हेच होते," बाई म्हणाल्या.

"अलीकडे ती असंच काहीबाही बोलते," मुलगा आतून येत म्हणाला.

एकही शब्द आठवला नाही तर पुढची उत्तरं घरच्यांकडून घ्यायची, असा संस्थेचा नियम. मुलीने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"आजींना एकटं वाटतं का?"

"छे, मजेत असते. घर माणसांनी भरलेलं आहे."

"वाटतं," बाई म्हणाल्या. "फार वाटतं."

मुलगी त्यांच्याकडे बघून हसली, लहान मुलाकडे बघून हसावं तशी, आणि मुलाचं उत्तर लिहून घेतलं. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. सासूपुढे कप धरता धरता ती थबकली आणि नवऱ्याकडे वळली.

"आई घेतील का?"