खांदा दुमडत नाही

मुले वाढताना पाहणे यासारखे दुसरे सुख नाही, असे माझे स्नेही वारंवार सांगतात आणि सांगताना त्यांचे डोळे पाणावतात. या मताचा मी शक्य तितक्या निःपक्षपातीपणे विचार केला आहे. ज्यांच्या मुलांची वाढ त्यांच्या चरितार्थाच्या आड येत नाही, त्यांच्या तोंडी ते शोभते. कारकुनाचा मुलगा चार बोटे उंच झाला म्हणून कारकुनाचे टेबल मोडत नाही. माझा धंदा जादूचा. माझ्या प्रयोगाचा प्राण म्हणजे एक पेटी, आणि त्या पेटीचा प्राण म्हणजे तिच्यात मावणारी एक मुलगी. पेटी वगळली तर मागे रुमाल, पत्ते आणि न संपणारी पाण्याची झारी एवढेच उरते. तेवढे तर कोणाचाही मामा वाढदिवसाला करून दाखवतो. सरलेल्या वर्षात माझ्या दोन्ही मुली वाढल्या. तेव्हा या सुखाविषयी बोलण्याचा अधिकार माझ्या स्नेह्यांपेक्षा मला अधिक आहे.

पेटी मी स्वतः केली. ती चाकांच्या चौथऱ्यावर उभी असते. चौथऱ्याची कड प्रेक्षकांना चार बोटे जाडीची दिसते, आणि ती तेवढीच असते. मात्र कडेपासून आत तळ हळूहळू उतरत जातो आणि मधोमध एक वीत आणि वर थोडी जागा होते. त्या खोलगट पोटात मुलीने कुशीवर निजायचे, गुडघे छातीशी घ्यायचे, हनुवटी गळ्यात रुतवायची, आणि वरची झडप पट्ट्याने ओढून आतून खिटी लावायची. मी पुढचे दार पाडतो तेव्हा पेटी रिकामी असते. दार लावून पेटी गरकन फिरवली आणि पुन्हा उघडली, की मुलगी हसत उभी. हे रहस्य मी आज उघड करतो, कारण ते राखण्यात आता अर्थ उरलेला नाही.

फलकावर तिचे नाव 'मुंगी' असे असे. मुंगी म्हणजे माझी थोरली. वर्षाच्या आरंभी ती चौथऱ्यात पाणी उतरावे तशी उतरत असे. झडप लागल्याचा आवाज मला स्वतःलाही येत नसे. मग एका क्लबातल्या प्रयोगात तो आला. लाकडाखाली काहीतरी टक्कन आपटले आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईने मान तिरकी केली. मी खोकलो. खोकला हे जादूगाराचे सर्वांत जुने अवजार आहे.

तो आवाज थोरलीच्या खांद्याचा होता. गुडघा दुमडतो, पाठ वाकते, मान आत जाते; खांदा दुमडत नाही. कुशीवर निजलेल्या माणसाची उंची म्हणजे त्याच्या खांद्यांची रुंदी, आणि तीत काटछाट करण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणून काटछाट मी पेटीत केली. प्रथम आतले मखमली अस्तर काढले, नंतर त्याखालचा कापूस काढला, नंतर तळाच्या फळीवर रंधा धरला. फळी इतकी पातळ झाली की बोटाने दाबली तर लवे. थोरलीच्या दंडावर आणि कमरेच्या हाडावर निळे डाग उमटू लागले. ते कपड्यांखाली झाकले जात.

"पोरगी लाकडाची नाहीये हो," बायको म्हणाली, "रंधा मारायला."

"रंधा मी पेटीला मारतोय."

"अजून तरी."

प्रयोगाचे कपडे तीच शिवते. थोरलीच्या झग्याची शिवण उसवून तो सैल करायला ती बसली, तेव्हा मी तिला हटकले. कारण कापडाचा एक पदर वाढला तर तोही चौथऱ्यात जागा अडवतो.

"उसवू नकोस."

"मग काय, पोरगी उसवू? कोंबा, तुम्ही पेटीत कोंबा. मी झग्यात कोंबते. दोघांनी मिळून काम लवकर होईल."

बायकोच्या बोलण्यात तर्क कमी आणि धार जास्त असते. अशा बोलण्याला उत्तर न देणे हेच उत्तर.

कोणी समजेल की थोरलीला यात त्रास होता आणि सुटकेची ओढ होती. तसे मुळीच नव्हते, आणि हा मुद्दा मला आग्रहाने मांडायचा आहे. मुंगी असणे हे तिला प्राणाहून प्रिय होते. "बाबा, अजून एकदा बघ ना," ती म्हणे. "मी खांदा पुढे घेते. असा. आता बघ." निजताना ती आईची जुनी ओढणी दोन्ही खांद्यांभोवती करकचून आवळून घेई, म्हणजे हाडे जागच्या जागी राहतील. सकाळी आई ती गाठ कात्रीने कापी. त्यासाठी तिला कोणी भाग पाडले नव्हते; मी तर फक्त चौकशी करत असे, की फरक पडतो आहे का. फरक पडत नव्हता.

तेव्हा मी निर्णय घेतला, आणि तो घेताना अकारण लांबण लावली नाही. धाकटी सात वर्षांची होती, हाडापेराने चिमणी आणि जिभेने कात्री. थोरलीला ती 'शिडी' म्हणे: "ए शिडी, वरचा डबा काढ ना, तेवढीच उपयोगी पडशील." एका सकाळी सगळे जेवायला बसलो असता मी हाक मारली, "मुंगे!" दोघींनी एकदम वर पाहिले. थोरलीच्या तोंडात घास होता. मी बोटाने धाकटीकडे निर्देश केला आणि म्हणालो, "ही. आजपासून ही." थोरलीने घास चावला, गिळला, आणि मग ती पाणी प्यायली.

"आणि मी?" तिने विचारले.

"तू हिला शिकवायचंस."

तिने उत्तम शिकवले. कोणत्याही विद्येत शिष्याला घडवतो तो प्रेमळ गुरू नव्हे, तर जाणता गुरू. आणि त्या चौथऱ्याला थोरलीइतके जाणणारे कोणी नव्हते. मी बाहेर टोप्यांना इस्त्री करत असे आणि आतून तिचा स्वर ऐकू येई.

"श्वास घेऊ नकोस, सोड. सोडलास की जागा होते."

"दुखतंय गं."

"दुखणारच. हनुवटी आत. अजून. माझी हाडं इथं झिजलीयेत, तुझी काय सोन्याची आहेत?"

झडप लावून ती वर बसून राही, काळोखाची सवय व्हावी म्हणून. धाकटी रडे, मग रडणे थांबे. शिक्षकाच्या कामात पालकाने लुडबुड करू नये, हे माझे जुने मत आहे. मी इस्त्री चालू ठेवली. काही आठवड्यांत धाकटी चौथऱ्यात निजली की झडपेचा आवाज येईनासा झाला. नव्या मुंगीचे पहिले प्रयोग निर्विघ्न पार पडले. शाळांच्या सभागृहांतून, कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमातून लोकांनी तिला डोक्यावर घेतले.

थोरलीचे काय करावे, हा प्रश्न राहिला. घरात एवढा मोठा माणूस रिकामा बसलेला बरा दिसत नाही. त्याच सुमारास माझ्या ध्यानात आले की पेटी तपासायला प्रेक्षकांतून कोणालाही वर बोलावणे धोक्याचे असते. एखादा दीडशहाणा चौथऱ्यावरच बुक्की मारून पाहतो. तपासणारा आपलाच हवा. थोरलीला आईचे कपडे चढवून, केस वर बांधून तिसऱ्या रांगेत बसवले, तर ती सहज परकी दिसणार होती. मी तिला समोर उभे करून तालीम दिली.

"आपली ओळख नाही. पक्कं?"

"पक्कं."

"माझ्याकडे बघून हसायचं नाही. बाबा म्हणायचं नाही. मला तुम्ही म्हणायचं."

"तुम्ही," ती म्हणाली. "जमतंय की."

वर्षाच्या अखेरीस एका मोठ्या सभागृहात प्रयोग ठरला. खुर्च्या भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. धाकटीने प्रेक्षकांना हात हलवला आणि ती पेटीत शिरली. मी दार लावले, तीन टाळ्या वाजवल्या, दार पाडले. पेटी रिकामी होती. मी तिसऱ्या रांगेकडे वळलो.

"त्या निळ्या कपड्यातल्या ताई, जरा वर येता का?"

थोरली आली. तिने चारही बाजू ठोकल्या, छत ठोकले, आत हात फिरवला.

"फट? भोक? चोरवाट?"

"काही नाही हो. रिकामी आहे."

"जरा मोठ्यानं. मागच्या काकांचे पैसे वसूल होऊ देत."

"रिकामी आहे!"

तालीम इथे संपत होती. तिने खाली उतरायला हवे होते. ती उतरली नाही.

"एक विचारू का?" तिने विचारले. "आत गेली ती तुमची कोण?"

प्रेक्षकांसमोर अडखळणारा जादूगार म्हणजे पाण्यात बुडणारा मासा. मी तत्काळ म्हणालो, "माझी मुलगी. एकुलती एक."

"अय्या! आणि परत आलीच नाही तर?"

सभागृहात खसखस पिकली. लोक माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि अशा वेळी जे सुचते ते माणूस निवडत नाही, ते त्याला निवडते.

"नाही आली तर नवी आणू," मी म्हणालो. "लहान असली म्हणजे झालं!"

इतका हशा मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. पुढच्या रांगेतला एक लठ्ठ गृहस्थ मांडीवर थापा मारत होता. थोरलीही हसली, मान मागे टाकून हसली, आणि त्या हसण्यात मला काहीही खोटे आढळले नाही. सोंग वठवण्यात ती इतकी तयार झालेली पाहून मला समाधान वाटले. ती खाली उतरून जागेवर जाऊन बसली.

मी पेटी बंद केली, गरकन फिरवली, दार पाडले. पेटी रिकामी होती.

लोकांना वाटले हा जादूचाच भाग. मी पुन्हा फिरवली, पुन्हा उघडली. रिकामी. कोणीतरी खोकले, तो मी नव्हतो. मागच्या भिंतीकडून आवाज आला, "काका, नवी आणा!" आणि पुन्हा हशा उसळला. मी लवून नमस्कार केला आणि पडदा टाकायला लावला.

पडद्यामागे मी झडपेवर टकटक केली. खिटी आतून लागलेली होती.

"मुंगे, खिटी काढ."

मी पुन्हा टकटक केली.

"ऐकतेस ना?"

"ऐकलं," आतून आवाज आला.

"काय ऐकलंस?"

"सगळं."

चौथऱ्यात बाहेरचे किती ऐकू येते, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडला नव्हता. थोरलीनेही कधी तक्रार केली नव्हती. तिकीट खिडकीवरून बायको धावत आली. तिच्या हातात रंगमंच लावणाऱ्यांचा हातोडा होता.

"फोडा ती."

मी तिला शांतपणे समजावले, की झडप फोडली तर चौथरा जातो आणि चौथरा गेला तर प्रयोग जातो. शिवाय मुलगी बोलते आहे, आणि बोलणाऱ्या माणसाला हवा पुरत असते, हे कोणालाही मान्य व्हावे.

"तुमचा वाद संपेस्तोवर पोर संपेल!"

इतक्यात थोरली आली. केस अजून वर बांधलेले, अंगावर आईचे कपडे. "सरका," ती म्हणाली. मला म्हणाली की आईला, ते कळले नाही. आम्ही दोघेही सरकलो. ती फळ्यांवर पालथी पडली, झडपेच्या सांध्याला ओठ लावले आणि हळू आवाजात काही बोलली. मग कान लावला. मग पुन्हा बोलली. आत खिटी सरकली.

धाकटी घामाने निथळत बाहेर आली. एका गालावर लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या. आईने हात पसरले, पण ती थोरलीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारले.

"की ती वाढलीये."

"कधी?"

"आत्ताच. आत असताना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीला बोलावले. धाकटी मुकाट चौथऱ्यात निजली, गुडघे घेतले, हनुवटी घेतली, आणि खांदा ताठ वर काढून म्हणाली, "मावत नाही."

ती मावत होती. झडप आणि खांदा यांच्यामध्ये माझी दोन बोटे सहज जात होती, आणि मी ती घालून दाखवली. तळहाताने खांदा दाबला तर तो खाली जाई. हात काढला की पुन्हा वर येई.

"मावतेस तू."

"नाही मावत."

"हे बघ, इथे केवढी जागा आहे!"

"नाही मावत ती," दारातून थोरली म्हणाली. "न मावणं कसं असतं, ते मला ठाऊक आहे ना. तुम्हाला नाही कळायचं."

बायकोला साक्षीला बोलावले, तर तिने पोरीकडे पाहिले, पेटीकडे पाहिले आणि सांगितले, "छे हो, कुठं मावतेय! घोडी झालीये नुसती." स्वयंसिद्ध गोष्टीविरुद्ध तीन माणसे एकमताने खोटे बोलू लागली, की तर्काचे काही चालत नाही. ठरलेले पुढचे प्रयोग मी रद्द केले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाढदिवसांना आता मी रुमाल आणि पत्ते घेऊन जातो, आणि तिथले मामा माझ्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहतात.

कृतघ्नतेविषयी बरेच लिहिता येईल, पण ते मी टाळतो. काल जेवताना जे घडले तेवढे सांगतो. धाकटी जेवत होती. तिने एकदा घेतले, दुसऱ्यांदा घेतले, आणि मग ताट पुन्हा पुढे केले. एरवी तिला चिमटीने भरवावे लागे. भूक तिला नव्हती; घास तिच्या घशाशी अडकत होता आणि तो ती पाण्याने खाली लोटत होती. मात्र प्रत्येक घासाला तिची नजर माझ्यावर होती. आई तिला थांबवत नव्हती.

"पुरे आता," मी म्हणालो.

"अजून," धाकटी म्हणाली.

मी पातेले उचलून माझ्या पलीकडे ठेवले, तिच्या हाताला लागणार नाही असे. थोरलीने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती उठलीही नाही. बसल्या जागेवरूनच तिचा लांब हात माझ्या छातीसमोरून पलीकडे गेला, पातेले परत घेऊन आला, आणि तिने धाकटीच्या ताटात आणखी घातले.